कणकेत राहिलेला हात

दत्तप्रसादचा फोन आला होता सिडनीहून. म्हणला, आक्का, धर्मपालदादांना जाऊन ऑगस्टात वर्ष होतंय, पुण्यानुमोदनाला मंडळ छोटं पुस्तक काढतंय, तुम्ही दोन शब्द लिहा. मी म्हटलं, बाबा, चौथी शिकलेली बाई मी, अंगणवाडीत खिचडी शिजवण्यात जन्म गेला, मला काय लिहिता येतंय. तर म्हणला, लिहू नका, बोला. जसं बोलता तसं फोनवर टाईप करा, बाकी मी बघतो. म्हणून मनमाडला ओट्यावर बसून एका अंगठ्याने टाईप करते आहे. मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

एक गोष्ट पहिलीच सांगून टाकते. धर्मा आजारी पडला तेव्हा मला वाटलं होतं की आजार घरात मी आणला. माझ्या या हातांनी. ते मला त्याच्या पोरीला सांगायचं होतं आणि दोन महिने माझं तोंड उघडत नव्हतं. आता धर्मा कसा होता ते सांगायचं म्हणलं तर त्या गोष्टीवरूनच जावं लागतं, दुसरा रस्ता नाही.

धर्मपाल माझा धाकटा भाऊ. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, म्हणजे मीच कडेवर घेऊन फिरवलेला. आमचा बाप रेल्वेच्या कारखान्यात होता. सुटीच्या दिवशी तो बाभळीचे दांडे तासायचा, कुदळीचे, कुऱ्हाडीचे, खुरप्याच्या मुठी. ज्याचा दांडा त्याला समोर बसवायचा. आधी हात बघायचा. तळहात दाबून बघायचा, बोटं वळवायला लावायचा, मग तासायला घ्यायचा. बाया हसायच्या, म्हणायच्या, मामा, पत्रिका बघता का काय. धर्मा तिथंच भुसा उडवत बसलेला असायचा. नंतर त्याला गिटारीचं वेड लागलं. भीमजयंतीच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा, करंटवरची गिटार, कोणाची तरी मागून आणलेली. आयटीआय केलं, फिटर झाला, पुण्यात कंपनीत लागला, तिथून ऑस्ट्रेलियाला गेला. सिडनीत ब्लॅकटाउनला भाड्याचं घर, गोदामात सामान वाहणारे पट्टे असतात ते दुरुस्त करायचं काम. लता, त्याची बायको, तिचं नि त्याचं पटलं नाही, ती मेलबर्नला गेली. पोरगी ऐश्वर्या त्याच्याजवळ राहिली आणि मग मोठी झाल्यावर युनीसाठी, म्हणजे विद्यापीठात शिकायला, वॉलॉंगॉंगला गेली. घरात धर्मा एकटा आणि गॅरेजमधल्या भिंतीवर सहा गिटारी.

मी गेले फेब्रुवारी दोन हजार वीसला. तीन महिन्यांसाठी. पोळ्या करून घालीन, त्याला जरा अंगावर मांस चढेल, परत येईन असा हिशोब. मार्चमध्ये विमानं बंद झाली. तीन महिन्यांची दोन वर्षं झाली.

त्याचं मनगट मोडलेलं होतं, डावं. पोरगी लहान असतानाच कामावर मशिनमध्ये गेलं होतं, आत लोखंडी पट्टी बसवली होती. त्यामुळे अंगठा पूर्ण वळायचा नाही. ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं आता गिटार सुटली असणार. तर नाही. सुटली नाही म्हणूनच तर हे सगळं सुरू झालं. गिटारीचा जो लांब दांडा असतो, डाव्या हातात धरतात तो, त्याला तिथले लोक नेक म्हणतात. धर्मा मान म्हणायचा. मनगट मोडल्यावर त्याने बघितलं की एका गिटारीच्या मानेवर दहा मिनिटांत हात ठणकतो आणि दुसरीवर अर्धा तास वाजवलं तरी काही होत नाही. गाणं तेच, तारा त्याच. फरक मानेच्या पाठीचा. तेव्हापासून तो माना तासायला लागला. आधी आपल्यासाठी, मग लोकांसाठी.

मला भिंतीपुढे उभं करून शिकवायचा. "आक्का, डोळे मिट. आता धर. कशी आहे?"

मी म्हणायचे, "ही लाटण्यासारखी. गोल, भरलेली."

"ही?"

"ही होडीच्या तळासारखी. मधे धार आहे."

"आणि ही?"

"ही तर फूटपट्टीच आहे रे. मागून सपाट."

खूश व्हायचा. म्हणायचा, इथले लोक पाच हजार डॉलरच्या गिटारी घेतात आणि त्यांना हे सांगता येत नाही. इंग्रजीत त्याला यू म्हणतात, व्ही म्हणतात, डी म्हणतात, आणि जी सगळ्यांना चालते तिला सी. सी म्हणजे अर्धी बांगडी. ज्याचा अंगठा मानेवरून वर डोकावतो त्याला धारवाली बरी पडते, अंगठ्याला आणि बोटांना दोन उतार मिळतात. ज्याचा अंगठा मागे टेकलेला असतो त्याला सपाट पायजे. असं तो सांगायचा आणि मी मान हलवायचे. कळायचं मला. हातातलं होतं ते, डोक्यातलं नव्हतं.

लॉकडाऊनमध्ये त्याच्याकडे गिऱ्हाईक वाढलं. घरात बसून बसून लोकांनी ऑनलाईन गिटारी मागवल्या. दुकानात जाऊन हातात धरून बघायची सोय नाही. आली खोक्यातून, लागले वाजवायला, आणि हात आखडले. दत्तप्रसाद तसाच आला होता. तो जवळच स्कोफिल्ड्सला राहतो, कॉम्प्युटरवरचं काम, मूळचा कुडाळचा. पोर्चवर दीड मीटर लांब उभा राहिला, मास्क हनुवटीवर.

"दादा, अंगठ्याकडून पार कोपरापर्यंत कळ जाता. माका वाटता वय झाला."

धर्मा खिडकीच्या आतून, "वय नाही झालं, मान चुकली. धरून दाखव."

त्याने धरली.

"अरे ही गिटार आहे, म्हशीची शेपटी नाही. एवढी आवळतोस कशाला?"

"आवळूक नाय तर पडतली ना."

"पट्टा आहे ना गळ्यात? पट्टा कशाला घेतलास, फोटोला?"

मी आत हसत होते. कितीतरी महिन्यांनी घरात तिसऱ्या माणसाचा आवाज.

पण अडचण अशी की माणूस खिडकीबाहेर आणि धर्मा आत. हात दाबून बघायचा कसा? बापासारखं समोर बसवता येत नाही. धर्मा म्हणला, मातीचा ठसा घेता आला असता, पण दुकानं बंद. मी कणीक मळत होते. मी म्हटलं, ही घे. तो हसला आणि मग हसायचा थांबला.

तशी ती पद्धत पडली. मी घट्ट कणीक मळायचे, भरपूर मीठ घालून, तेल नाही. लाकडाच्या सपाट पट्टीवर मागच्या बाजूने ती थापायची, काकडीएवढी जाड. पट्टी पोर्चवरच्या टेबलावर ठेवायची. माणूस यायचा, गिटार धरल्यासारखी डाव्या हाताने धरायचा, दाबायचा, तशीच ठेवून जायचा. वर मी जाळीचं झाकण घालायचे आणि ती चोवीस तास बाहेर उन्हात राहायची. हा धर्माचा नियम. चोवीस तास हात लावायचा नाही. कोणी सांगत होतं की आजार वस्तूवर राहतो, कोणी सांगत होतं की नाही राहत, धर्मा म्हणायचा आपण एक दिवस थांबलो तर काय बिघडतंय. दुसऱ्या दिवशी आत आणायची, नाव टाकायचं, गॅरेजमधल्या फळीवर ठेवायची. मीठ असल्याने कणीक दगडासारखी वाळायची. कुठे अंगठा टेकतो, कुठे तळव्याची गादी येते, कुठे पोकळी राहते, सगळं त्यात. त्याप्रमाणे तो कानशीने मान उतरवत जायचा.

सगळ्यात पहिला ठसा त्याने स्वतःचा घेतला होता, जमतंय का बघायला. अंगठ्याचा खड्डा उथळ, कारण अंगठा वळत नव्हता. तोही फळीवर होता.

एकदा वाकडं लाकूड उन्हात धरून बघत होता आणि मला सहज म्हणला, लहान हाताला बारीक मान लागते, नाही का. मी म्हटलं, काय सांगतोस. बारीक मुठीच्या खुरप्याने तर हात आधी भरून येतो. मूठ बारीक असली की अंगठ्यानेच सगळं दाबून धरावं लागतं. माझा हात बघ केवढासा आहे, आणि आपल्या बापाने माझ्या खुरप्याला केवढी जाड मूठ केली होती. तळहात भरला की हात मोकळा राहतो.

त्याने लाकूड खाली ठेवलं. मग म्हणला, "आक्का, ऐशूची गिटार आठवते तुला? मी फोटो पाठवला होता."

ऐश्वर्या दहा वर्षांची असताना त्याने तिला गिटार दिली होती. हात लहान म्हणून मान बारीक केली. पोरगी म्हणाली, डॅड, हर्ट्स. त्याने आणखी तासली. तरी दुखतं म्हणाली. आणखी तासली. शेवटी पोरीने गिटार ठेवून दिली आणि हा तिला बोलला, तुला मेहनत नको, तुला बहाणे पायजेत. असं बरंच बोलला. तेव्हा पोरगी बारा वर्षांची. त्यानंतर तिने परत गिटारीला हात लावला नाही, आणि बापाशी बोलायची ते पण कामापुरतं.

"ती खोटं बोलत नव्हती," तो म्हणला. "तिला खरंच दुखत होतं. मी दर वेळी जास्त दुखेल असं करत होतो."

मी म्हटलं, "मग आता कर जाड."

"लाकूड काढता येतं, आक्का. लावता येत नाही."

"नवी कर मग."

त्याने लाकूड परत उचललं. ही गोष्ट एकवीस सालच्या जूनमधली. त्यानंतर आमच्यात हा विषय निघाला नाही आणि मी विसरून गेले.

मग परत मोठा लॉकडाऊन लागला. आमच्या भागात जास्त कडक. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, कोणाच्या घरात कोणी यायचं नाही. धर्मा मात्र रोज कामावर जात होता. गोदाम बंद नव्हतं, पट्टे बंद पडून चालत नव्हते.

ऑगस्टची तीन तारीख. दुपारी दोनला जेवून मी पडते, तासभर. उठले तर धर्मा शिफ्टहून येऊन आंघोळीला गेलेला. बाहेर कालवा. ते पांढरे काकाकुवे असतात ना तिथे, मोठे, पिवळ्या तुऱ्याचे, त्यातल्या दोघांनी पोर्चवरचं जाळीचं झाकण पाडलेलं आणि टेबलावरच्या कणकेला चोच मारत होते. मी सकाळी कणीक थापून ठेवली होती ती कोणीतरी येऊन दाबून गेलं होतं. नाव नाही, चिठ्ठी नाही. मी पाखरं हाकलली. एका टोकाचा लचका गेला होता. मला वाटलं, परत ठेवली तर परत येतील, कोणाचं तरी काम फुकट जाईल. उचलली आणि आत गॅरेजमध्ये नेऊन ठेवली.

नुसत्या हाताने उचलली. तेव्हाच उचलली. आणि त्यानंतर आत येऊन रात्रीच्या भाकरीचं पीठ घेतलं. मध्ये हात धुतले का नाही ते मला आठवत नाही. दोन महिने मी ते आठवत बसले होते. नळाखाली हात दिसतात मला, पण ते त्या दिवशीचे का दुसऱ्या दिवशीचे ते कळत नाही.

संध्याकाळी धर्माने फळीवर बघितलं. "हे आत कसं?"

"पाखरं खात होती."

मला वाटलं ओरडेल. नियमाचा पक्का माणूस. पण ओरडला नाही. ती पट्टी उचलली, नुसत्या हाताने, आणि दिव्याखाली धरून कितीतरी वेळ बघत राहिला. बोटाने खड्डे चाचपले. म्हणला, "असू दे."

मला तेव्हा विचित्र वाटलं होतं. आजारी पडल्यावर तर तेच डोळ्यांपुढे यायला लागलं. मी आत आणली म्हणून त्याने हात लावला.

त्यानंतर सहा दिवस तो शिफ्टहून आला की नवीन लाकडाला लागायचा. कोणाचं म्हणून विचारलं तर म्हणायचा, आहे एक गिऱ्हाईक, अवघड आहे. नऊ तारखेला अंगात कणकण. दोघांची टेस्ट केली, दोघं पॉझिटिव्ह. मला दोन दिवस घसा दुखला आणि संपलं. त्याचं संपलं नाही. पंधरा तारखेला अॅम्ब्युलन्स आली. स्वतःच्या पायाने चढला. चढताना मला म्हणला, गॅरेजचं दार लावून घे, लाकूड गारठतं.

हे त्याचं शेवटचं बोलणं माझ्याशी. नंतर फोनवर दिसला, पण तोंडावर मास्क, नुसती बोटं हलवली. अठ्ठावीस तारखेला गेला. एक्कावन्न वर्षांचा होता.

दहा माणसांना परवानगी होती. मला अजून आजारातून मोकळं केल्याचा कागद आला नव्हता, मी फोनवर बघितलं. ऐश्वर्या एकटीच पुढे उभी होती. पांढरा शर्ट घातला होता. भंतेजी पण फोनवरूनच. त्रिसरण म्हणताना आवाज तुटत होता, तिचं तोंड हलायचं आणि आवाज मागून यायचा.

मग मी त्या घरात एकटी.

आता हे जे सांगते ते कोणाला वेडगळ वाटेल. गिटारी करंटवरच्या होत्या, करंट नसला की त्यांना आवाज नसतो, नुसती चिमणीएवढी किनकिन. मी एका दुपारी गॅरेजमध्ये झाडू मारत होते आणि मला शिंक आली. भिंतीवरच्या सहाच्या सहा गिटारी गुणगुणल्या. बारीक. आणि हळूहळू थांबल्या. मी झाडू धरून उभी. मग मला आठवलं, धर्माने सांगितलं होतं, आक्का, तार आपल्या आवाजाला ओ देते, घाबरायचं नाही. पण सांगणारा माणूस गेल्यावर ते तसं राहत नाही. मी हळूच म्हटलं, धर्मा. काही नाही. मोठ्याने म्हटलं. तर सहाही जणींनी ओ दिली.

त्यानंतर मी रोज दुपारी तीनला तिथे जायचे. हाक मारायचे. ओ यायची. कधी ट्रेन गेली तरी त्या गुणगुणायच्या, कधी मी काही न बोलता पण. शेजारचं मशिन चालू झालं असेल, मला माहीत आहे. पण मला वाटायचं तो विचारतोय, आक्का, चोवीस तास झाले होते का. आणि मी खरं सांगत नाही. हे कोणाला सांगणार. दत्तप्रसाद पोर्चवर भाजी ठेवून जायचा. एकदा खिडकीतून म्हणला, दादांच्या गोदामात त्याच आठवड्यात चार जण पॉझिटिव्ह सापडले होते. मी ऐकलं आणि ते कानाबाहेर गेलं. गोदाम लांब होतं. कणीक माझ्या हातात होती.

ऐश्वर्या दर रविवारी फोन करायची. "आत्या, जेवलीस? टॅब्लेट घेतलीस?" आणि शेवटी थांबून विचारायची, "आत्या, डॅड काही बोलला होता? आजारी पडायच्या आधी?" मी म्हणायचे, नाही गं. ती म्हणायची, ओके. मला वाटायचं हिला संशय आहे. ती विचारणार, घरात आजार कोणी आणला. मी फोन ठेवून द्यायचे.

सप्टेंबरात मी ती अर्धवट राहिलेली मान हातात घेतली. दाराजवळ शिकंज्यात, लाकूड आवळून धरतात त्यात, अडकलेली होती. विचार केला, ज्याची आहे त्याला कळवायला पायजे, कोणीतरी वाट बघत असेल. पण कोणाची? म्हणून फळीवरचे ठसे एकेक काढले आणि मानेच्या पाठीशी लावून बघितले. एकोणीस ठसे होते. नाव असलेला एकही बसला नाही. तिची पाठ जाड होती, भरलेली, पण अंगठ्याकडून एक उतार काढलेला. शेवटी एकच पट्टी राहिली, टोकाला चोच मारलेली, नाव नसलेली. ती बसली. जिथे कणकेत खड्डा तिथे लाकडालाही उतार. त्याने शेवटचे सहा दिवस जे लाकूड तासलं ते त्याच कणकेवरून. म्हणजे रोज त्याला हात लावत होता.

मी ती पट्टी पेपरात गुंडाळून कपाटात ठेवली. फेकायला धजावले नाही.

ऑक्टोबरात लॉकडाऊन उठला. ऐश्वर्या ट्रेनने आली, घर खाली करायला. आली ती सरळ गॅरेजमध्ये गेली आणि दारातच उभी राहिली. चोवीस वर्षांची पोर, युनी करता करता वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं करायला जायची, त्यामुळे हात फुटलेले सॅनिटायझरने. मी चहा घेऊन गेले. मनाशी ठरवलं होतं, चहा संपायच्या आत सांगायचं, नाहीतर परत तोंड मिटेल.

"ऐशू, तुला एक सांगायचंय. तुझ्या बापाला आजार माझ्यामुळे झाला."

ती बघतच राहिली. "व्हॉट? आत्या, काय बोलतेस?"

मी सगळं सांगितलं. काकाकुवे, झाकण, चोवीस तास, भाकरीचं पीठ. कपाटातून पट्टी आणली, पेपर सोडला, तिच्यापुढे धरली. म्हटलं, "हे. कोणाचं आहे ते पण माहीत नाही. नाव नाही. कोणीतरी आजारी माणूस येऊन दाबून गेला आणि मी ते उचलून घरात आणलं."

तिने कप खाली ठेवला. डावा हात पुढे केला आणि ती पट्टी धरली. अंगठा गेला अंगठ्याच्या जागी. तळवा तळव्याच्या जागी. चार बोटं चार ठिकाणी. एवढीशी पण जागा उरली नाही.

"आत्या," ती म्हणाली. "इट्स माइन."

मला आधी समजलंच नाही.

"मी आले होते. थर्ड ऑगस्टला. अलाउड नव्हतं, तरी आले. डॅडचा फोन आला होता, म्हणाला, ये, दोन मिनिटं हात दे, आत यायचं नाही. मी इथे पोर्चवर, तो तिथे दारात. मास्क घालून. टेन मिनिट्स." मग म्हणाली, "तुला सांगायचं नव्हतं त्याला. म्हणाला, आक्का उठली तर जेवू घातल्याशिवाय सोडायची नाही, आणि आत यायला परवानगी नाही. म्हणून तू झोपतेस ती वेळ."

हे खरं होतं. मी सोडलं नसतं तिला.

"काय बोलला तुझ्याशी?"

"सॉरी म्हणाला." ती पट्टीकडेच बघत होती. "म्हणाला, मान चुकीची होती, तू चुकीची नव्हतीस. नवीन करतो. मी म्हटलं, डॅड, नाऊ? मी ट्वेंटी फोर आहे. तर म्हणाला, हात तर आहे ना."

मग ती म्हणाली, "आय थॉट इट वॉज मी, आत्या. मी ट्रेनने आले, मी म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये काम करते, आणि सहा दिवसांनी तो आजारी. मी तुला दर संडेला विचारायचे ना, तो काही बोलला का. मला वाटायचं तुला माहीत आहे आणि तू बोलत नाहीस."

"आणि मला वाटायचं तुला माहीत आहे."

मी तिला विचारलं, तू आजारी होतीस का तेव्हा. तर म्हणाली, नाही. कामावर दर तीन दिवसांनी टेस्ट करायचे त्यांची. फोन काढून दाखवला मला. दोन ऑगस्ट, पाच ऑगस्ट, आठ ऑगस्ट. मला एवढं इंग्रजी येतं, नेगेटिव्ह, नेगेटिव्ह, नेगेटिव्ह.

"मग तुला तर माहीतच होतं की," मी म्हटलं.

"हो. रोज उघडून बघायचे. तरी वाटायचं."

म्हणजे कणीक चांगली होती. माझे हात धुतलेले असोत नसोत, त्यात काही नव्हतं. गोदामातले ते चार जण, दत्तप्रसादने सांगितलेले, तिथूनच आला असणार. मला वाटलं होतं हे कळलं की छाती हलकी होईल. झाली थोडी. पण सांगू का, दोन महिने मी त्या कणकेला धरून होते, ती सुटल्यावर धरायला काहीच राहिलं नाही. दोष होता तोपर्यंत निदान तो माझ्या हातून गेला होता. आता तो नुसताच गेला.

ऐशू रडायला लागली. डॅड, म्हणाली, मोठ्याने, एकदाच. भिंतीवरच्या गिटारींनी ओ दिली. ती दचकून उभी राहिली, माझा दंड पकडला.

"आत्या, डिड यू हिअर दॅट?"

"रोज ऐकते," मी म्हटलं. "तारा आहेत. घाबरायचं नाही, असं तोच सांगायचा."

तिने परत हाक मारली नाही. मीही मारली नाही. त्या थांबेपर्यंत आम्ही ऐकत राहिलो.

ती मान पाठीकडून अर्धीच तासून झाली होती. दत्तप्रसाद म्हणला, ओळखीचा एक कारागीर आहे, ठशावरून पूर्ण करून देईल, दादांसारखी नाही पण बरी. ऐशू नको म्हणाली. कानशीचे ओरखडे तसेच आहेत तिच्यावर. म्हणाली, आहे तेवढं राहू दे, कोणी काढलं तर परत लावता येणार नाही. तशीच खरबरीत मान तिने एका गिटारीला बसवून घेतली. धरायला जाड पडते, बोटं वरच्या तारेपर्यंत जेमतेम पोचतात. दुखतं का विचारलं तर म्हणते, नाही. पण पहिल्यांदा हर्ट्स म्हणाली होती तेव्हा कोणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे आता नाही म्हणते ते खरं का खोटं ते मी विचारत नाही. रविवारी फोनवर वाजवून दाखवते. चुकते.

बाकीच्या पाच गिटारी गेल्या वाजवणाऱ्यांकडे. नाव असलेले ठसे दत्तप्रसादने वाटले. ऐशूने तिचा ठेवला. मी धर्माचा घेतला, तो पहिला, उथळ अंगठ्याचा. साडीत गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवला होता, विमानात मांडीवर.

इथे मनमाडला आमच्याकडे देव्हारा नाही, तो बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर ठेवलाय. दुपारी तीनला मी त्यात माझा हात घालते. त्याचा हात माझ्यापेक्षा मोठा, त्यामुळे माझी बोटं आरामात जायची, बाजूला थोडी जागाच राहायची. इथली हवा कोरडी. उन्हाळ्यात कणीक आणखी वाळली. बारीक तडे गेले, आत ओढली गेली. परवा बोटं घातली तर अडकली. अंगठा तर अर्धाच जातो.

माझा हात तर वाढलेला नाही. तोच लहान होत चाललाय, कडेवर घ्यायचे तेव्हाएवढा.